रनबुकमधल्या ‘का’ या रकान्याबद्दल आभार

प्रिय सहकारी,

तुम्ही दुसऱ्या टीममध्ये गेलात, तरी ऑन-कॉलवरचा (बिघाड सांभाळायच्या पाळीवरचा) प्रत्येक जण अजून तुमचंच रनबुक (कोणत्या प्रसंगी काय करायचं याच्या पायऱ्यांची वही) उघडतो. हे आभार सगळ्यांसमोर मांडतोय, कारण वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये बसून इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेवरचा सर्च सांभाळणाऱ्या इतरांनाही त्यातलं बरंच उपयोगी पडेल.

कमांड कुठेही मिळतात. तुम्ही प्रत्येक पायरीपुढे ‘का’ असा रकाना ठेवलात आणि तो रिकामा असेल तर पान मंजूर केलं नाहीत. शेजारच्या खुर्चीवर विचारायला कुणी नसलं, उरलेली टीम झोपलेली असली, की पायरी गाळावी की थांबावं हे त्या रकान्यावरूनच ठरतं.

सगळ्यात जास्त उघडलं जातं ते रीइंडेक्सचं, म्हणजे इंडेक्स (शोधासाठी रचलेला डॉक्युमेंटचा साठा) नव्याने भरण्याचं पान. ल्युसीन या इलॅस्टिकसर्चच्या आतल्या शोध-लायब्ररीचा सेगमेंट (इंडेक्स साठवणारा छोटा तुकडा) एकदा लिहिला की बदलत नाही, म्हणून आधीच्या फील्डचा टाइप बदलायचा तर नवा इंडेक्स करावा लागतो. नावापुढे आवृत्तीचा आकडा लावायचा, ॲप्लिकेशनला फक्त एलियास (इंडेक्सकडे बोट दाखवणारं टोपणनाव) माहीत असू द्यायचं. भरताना रिप्लिका (जादा प्रती) ०, रिफ्रेश इंटरव्हल (नव्या नोंदी सर्चमध्ये दिसायला लागण्याचा अवधी) -१ म्हणजे बंद, बल्क (एकगठ्ठा) विनंती ५ ते १५ एमबीची. रिप्लिका ० का? तेच डॉक्युमेंट दोनदा ॲनालाइज (शब्दांत तोडणं) आणि मर्ज (सेगमेंट एकत्र करणं) करण्यापेक्षा शेवटी तयार सेगमेंट कॉपी करणं स्वस्त पडतं. त्याच ओळीत तुमचा इशाराही आहे: या काळात एक नोड (क्लस्टर म्हणजे मशीनच्या गटातलं एक मशीन) गेला तर त्यावरचा शार्डही (इंडेक्सचा एक भाग) गेला, म्हणजे भरणं पहिल्यापासून. रिफ्रेश पूर्ववत करायचा राहिला तर कुठेच एरर येत नाही, लिहिणं यशस्वी दाखवतं, पण सर्चमध्ये नवं काही दिसत नाही. म्हणून आधी रिफ्रेश, मग मोजणी. उलट केलं तर आकडा कमी भरतो आणि नसलेल्या बगमागे अख्खी पाळी जाते.

कॉपी चालू असताना येणाऱ्या बदलांबद्दलची ओळ तर सोन्यासारखी आहे. बदल दोन्ही इंडेक्समध्ये लिहायचे आणि एक्स्टर्नल व्हर्जन (बाहेरून दिलेला आवृत्तीचा क्रमांक) लावायचा, नाहीतर मागून पोचलेली जुनी प्रत नव्या प्रतीवर बसते. हे बहुतेकांना माहीत असतं. पण डिलीट झालेल्या डॉक्युमेंटचा व्हर्जन इलॅस्टिकसर्च डीफॉल्टने ६० सेकंदच लक्षात ठेवतं. त्यानंतर कॉपीतून जुनी प्रत आली की काढून टाकलेलं डॉक्युमेंट पुन्हा निकालात उगवतं. म्हणून तुमच्या पानावर एलियास फिरवण्याआधी डिलीटची यादी पुन्हा एकदा चालवायची पायरी आहे. एलियास काढणं आणि लावणं एकाच विनंतीत, म्हणजे मधे रिकामा क्षण राहत नाही. जुना इंडेक्स लगेच उडवायचा नाही, परत फिरायची वाट तीच.

या काळात डिस्कवर दोन प्रती असतात, हेही तुम्ही आधीच मोजायला लावता. डीफॉल्ट मर्यादा ८५, ९० आणि ९५ टक्क्यांच्या. ८५ ला नोडवर नव्या रिप्लिका बसत नाहीत, ९० ला आहेत ते शार्ड दुसरीकडे हलायला लागतात, ९५ ला त्या नोडवर शार्ड असलेला प्रत्येक इंडेक्स लेखनासाठी बंद होतो. सर्च मात्र चालूच असतो, त्यामुळे बाहेरून सगळं आलबेल वाटतं. आवृत्ती ७.४ पासून जागा मोकळी झाली की हे कुलूप आपोआप निघतं, त्याआधीच्या क्लस्टरवर हाताने काढावं लागतं. घाईघाईत डॉक्युमेंट डिलीट करून जागा होत नाही, डिलीट म्हणजे नुसती खूण आणि जागा सुटते ती मर्ज झाल्यावर. आख्खा जुना इंडेक्स काढला तरच डिस्क लगेच मोकळी होते.

देवनागरीचं पान मात्र तुमच्याशिवाय कुणी लिहिलं नसतं. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ, हलन्त आणि या, किंवा र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) आणि या. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असल्यामुळे एकाने शोधलं की दुसरं सापडत नाही. एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडमधली समान रूपं एकाच रूपात आणणं) जॉइनरला हात लावत नाही, तेव्हा त्याने हे जुळत नाहीत. आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या नॉर्मलायझरचं डीफॉल्ट रूप जॉइनर सरळ काढून टाकतं. मग दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातली वाट शोधणाऱ्याला समुद्र दिसतो. तुमचा उपाय एका ओळीचा: र, हलन्त, जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त बसवणारा मॅपिंग कॅरेक्टर फिल्टर, आणि तो नॉर्मलायझरच्या आधी. क्रम चुकला तर बदलायला जॉइनर उरलेलाच नसतो. हा फिल्टर इंडेक्स करताना आणि क्वेरीच्या वेळी, दोन्हीकडे लागतो. फक्त क्वेरीकडे लावला तर जुन्या डॉक्युमेंटमधलं जॉइनरवालं रूप कायमचं हरवतं, म्हणजे गाडी पुन्हा रीइंडेक्सच्या पानावर. तपासायला ॲनालाइझ एपीआयला (मजकूर कसा तुटतो ते दाखवणारी विनंती) दोन्ही रूपं द्यायची आणि टोकन (शोधायचा तुकडा) एकच येतो का पाहायचं.

लेटन्सीच्या (उत्तराला लागणाऱ्या वेळेच्या) अलर्टमध्ये तुम्ही सरासरीऐवजी पी-९९ (९९ टक्के क्वेरी जिच्या आत पूर्ण होतात ती वेळ) ठेवलीत, त्यावर तेव्हा कुरकुर झाली होती. पण क्वेरी २० शार्डवर पसरत असेल आणि प्रत्येक शार्ड १०० पैकी एकदा अडखळत असेल, तर जवळपास १८ टक्के क्वेरींना निदान एक अडखळलेला शार्ड भेटतो आणि उत्तर सगळ्यात हळू शार्डच्या चालीने येतं. सरासरीत हे बुडून जातं. खोल पानांचंही तसंच. १० निकालांचं १००० वं पान हवं तर प्रत्येक शार्डला १०,००० नोंदी काढाव्या लागतात, २० शार्डच्या मिळून २ लाख नोंदी एका नोडवर क्रमाला लागतात आणि त्यातल्या १० दाखवल्या जातात. १०,००० ची डीफॉल्ट मर्यादा वाढवून मागणाऱ्याला सर्च-आफ्टर (मागच्या पानाच्या शेवटच्या नोंदीपासून पुढे शोधणं) सुचवा, हे तुमचं उत्तर आता आम्ही जसंच्या तसं चिकटवतो.

रेलेव्हन्सबद्दल (निकाल किती समर्पक आहेत याबद्दल) तुमचा आग्रह आधी जाचक वाटायचा, पण आज तो सगळ्यांना पटलाय. निकालांना गुण देणाऱ्या बीएम२५ सूत्राचे के१ (शब्द पुन्हापुन्हा आल्याचा परिणाम) आणि बी (मजकुराच्या लांबीचा परिणाम), म्हणजे डीफॉल्ट १.२ आणि ०.७५, कुणाच्या मनाला वाटलं म्हणून हलवायचे नाहीत. आधी नेहमीच्या, मधल्या आणि क्वचित येणाऱ्या क्वेरींचा नमुना घ्यायचा, दोघांनी एकमेकांचं न बघता निकालांना ० ते ३ गुण द्यायचे, जिथे फार फरक पडेल तिथे गुणांची व्याख्याच दुरुस्त करायची. मग एनडीसीजी (चांगले निकाल किती वर आले याचं माप). क्लिकवर थेट विसंबायचं नाही, वरचा निकाल वर आहे म्हणूनही क्लिक होतो. बदलाच्या रिव्ह्यूला आधीचे आणि नंतरचे पहिले १० निकाल शेजारी-शेजारी लावले की व्हिडिओ कॉलची गरज क्वचितच पडते.

हँडओव्हरच्या नोटचा तुमचा साचाही तसाच चालू आहे: आत्ताची स्थिती, काय करून पाहिलं, कशाला हात लावायचा नाही, पुढची तपासणी यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेत. ‘कशाला हात लावायचा नाही’ ही ओळ सगळ्यात जास्त वाचली जाते. नोड रीस्टार्ट झाल्यावर पेज कॅशे (डिस्कवरच्या डेटाची मेमरीतली प्रत) भरेपर्यंत तो हळू चालतो, अशा वेळी घाबरून पुन्हा रीस्टार्ट केला की तीच गोष्ट पहिल्यापासून सुरू होते.

जाताजाता दोन कामं तुमच्यावर टाकतोय. शार्डचा आकार १० ते ५० जीबी ठेवा, या ओळीपुढचा ‘का’ नव्या हार्डवेअरसाठी पुन्हा लिहिलाय, आणि हीप (जावाला दिलेली मेमरी) मशीनच्या निम्म्या मेमरीपेक्षा जास्त नको व ३२ जीबीच्या आतच हवा, यामागचं पॉइंटरचं (मेमरीतल्या पत्त्यांचं) कारण थोडं सोपं केलंय. दोन्ही बदल रिव्ह्यूला तुमच्या नावावर लावलेत. सवड मिळेल तेव्हा पाहा, घाई नाही.

मनापासून आभार.

आपली,
सर्च टीम