अक्षरांच्या गेमबद्दल पण एकदा छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मुलं आणि ऑनलाइन गेम यावर पानभर लेख आला होता. आमच्या दुकानात तो पेपर दिवसभर फिरला आणि तीन पालकांनी मला तो वाचून दाखवला, कारण कॉम्प्युटर रिपेरिंगवाला म्हटल्यावर असल्या विषयावर लोक मलाच विचारतात. लेखात जे आहे ते खरंच आहे, पैसे लावायच्या गेमनी आमच्या वाडीतली पण दोन घरं अडचणीत आणली, आणि संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये असल्या गेमवर बंदीचा कायदा केला ते बरंच झालं. पण सगळे गेम एकाच माळेत ओवले ना तुम्ही, ते मला पटलं नाही. एक प्रकार असा आहे ज्यात चित्र नाही, गोळीबार नाही, दहा हजाराचा मोबाईल लागत नाही, नुसती अक्षरं आहेत, आणि तो खेळायला मुलाला वाचावंच लागतं आणि लिहावंच लागतं. त्याला मड म्हणतात, मल्टी युजर डंजन. मराठी पेपरात याबद्दल एक ओळ माझ्या तरी वाचनात आली नाही म्हणून हे पत्र.

प्रकार जुना आहे. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने तो सुरू केला आणि त्याचा मित्र रिचर्ड बार्टल याने पुढे वाढवला. युनिव्हर्सिटीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर एकाच वेळी अनेक जण एकाच काल्पनिक जगात फिरायचे, एकमेकांना भेटायचे, बोलायचे. बाहेरच्या लोकांना रात्रीचंच खेळायला मिळायचं, कारण दिवसा मशीन कामात. मग १९९० च्या आसपास कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी डिकूमड नावाचं मड काढलं, त्याचा कोड मोकळा मिळायला लागला आणि तिथून शेकडो गेम निघाले. आज मुलं जे थ्रीडी जग फिरतात, लेव्हल वाढवतात, टोळी करून राक्षस मारतात, त्यातलं बरंचसं आधी या अक्षरांत येऊन गेलंय.

मी स्वतः पहिल्यांदा खेळलो रत्नागिरीला डिप्लोमाला असताना, सायबर कॅफेत तासाला तीस रुपये मोजून. काळी स्क्रीन, त्यावर पांढरी अक्षरं, आणि एक प्रश्न, तुला कोणत्या नावाने ओळखायचं. तेवढं एक वाक्य वाचून मी बसलो तो कॅफेवाल्याने शटर ओढेपर्यंत.

आता आमच्या सिंधुदुर्गातल्या माणसाला हा प्रकार समजवायचा तर फार लांब जायला नको. दशावतार बघा. नाटकाला लिहिलेली संहिता नसते, मालक संध्याकाळी आख्यान सांगतो, कोणी कुठलं सोंग घ्यायचं ते ठरतं, आणि रात्रभर रंगमंचावर बोलायचं ते ज्याचं त्याने तिथल्या तिथे. समोरचा काय बोलतो त्यावर आपलं उत्तर. पुरुष स्त्रीपार्ट करतो, दिवसा शेतात राबणारा रात्री राजा होतो, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मडमध्ये अगदी हेच आहे, फक्त तोंडाने बोलायच्या ऐवजी टाइप करायचं. त्याला रोलप्ले म्हणतात. काही गेममध्ये सोंग सोडून बोलायला बंदीच असते, म्हणजे तिथे तुम्ही धन्वंतरी असाल तर क्रिकेटचा स्कोर विचारायचा नाही, तसलं बोलायला वेगळा चॅनल असतो.

सुरुवात कशी करायची ते जरा नीट सांगतो, कारण बरेच जण पहिल्या दहा मिनिटांत कंटाळून बंद करतात. आधी क्लायंट घ्यायचा, म्हणजे गेमला जोडून देणारा प्रोग्राम. मडलेट नावाचा आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, माझ्या दुकानात कोणीतरी टाकून दिलेल्या २ जीबी रॅमच्या मशीनवर लिनक्स टाकून तो मी चालवतो. त्यात गेमचा पत्ता आणि पोर्ट नंबर टाकायचा, डिकू घराण्यातल्या गेमना बऱ्याचदा ४००० असतो. काही गेम सरळ ब्राउझरमध्ये पण चालतात. नवख्याने आर्डवुल्फ बघावा, १९९६ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि सुरुवातीला हाताला धरून शिकवणारी शाळा आहे. रोलप्ले जास्त हवा असेल तर १९९७ चा अकेया, पण त्यात खऱ्या पैशाने विकत घ्यायच्या वस्तू आहेत. पोरांना तिथे बसवण्याआधी आईबापांनी हे लक्षात घ्यावं, कार्ड त्यांच्या हातात देऊ नये.

मग नाव. स्वतःचं खरं नाव टाकायचं नाही, हे मी प्रत्येकाला तीनदा सांगतो. पासवर्ड पण वेगळा, बँकेचा किंवा मेलचा अजिबात नाही, कारण जुने गेम टेलनेटवर, म्हणजे जोडणीच्या जुन्या पद्धतीवर, चालतात आणि त्यात पासवर्ड उघडाच जातो. त्यानंतर जात आणि धंदा, म्हणजे माणूस, बुटका, एल्फ असलं काहीतरी, आणि वॉरियर म्हणजे लढवय्या, मेज, क्लेरिक म्हणजे जखमा भरणारा पुजारी, थीफ यातलं एक. पहिल्यांदा वॉरियर घ्या. मेज म्हणजे जादूगार दिसायला आकर्षक पण त्याच्या कमांड जास्त आणि अंगात दम कमी, दोन फटक्यांत जातो.

कमांड पन्नास असल्या तरी पहिल्या दिवशी आठ-दहा पुरतात. लुक म्हणजे आजूबाजूला काय आहे ते बघ. दिशांसाठी नुसतं एन, एस, ई, डब्ल्यू, वर-खाली जायला यू आणि डी. गेट म्हणजे उचल, इन्व्हेंटरीसाठी नुसतं आय, वेअर म्हणजे अंगावर घाल, वील्ड म्हणजे हातात हत्यार धर. हे शेवटचं सगळे विसरतात, तलवार पिशवीत आणि हा नुसत्या मुठींनी लढतोय. आणि कोणाला मारायला जायच्या आधी कन्सिडर टाइप करायचं, समोरचा आपल्याला झेपेल की नाही ते गेमच सांगतो. नाही झेपला तर फ्ली, पळ काढायचा, त्यात लाज नाही. अडलं की हेल्प, आणि तिथेही नाही कळलं तर नवख्यांच्या चॅनलवर सरळ विचारायचं. मी वीस-एक वर्षांत बघतोय, तिथली जुनी माणसं विचारणाऱ्याला हाकलत नाहीत, उलट खेळ जिवंत ठेवायचा तर नवा माणूस टिकला पाहिजे हे त्यांना माहीत असतं. उठताना खिडकी नुसती बंद करायची नाही, सेव्ह आणि मग क्विट.

आणि आता आपल्याकडचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, रेंज. आमच्याकडे जून ते सप्टेंबर नेटचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, गेलं तर दोन काड्या, घरात शून्य. मोठे गेम डाउनलोडच पन्नास-पन्नास जीबी, ते इथे होणार कधी आणि खेळणार कधी. मडमधल्या एका जागेचं वर्णन म्हणजे चार-पाचशे अक्षरं. मोबाईलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत असली पाच-सहा हजार वर्णनं बसतील. हॉटस्पॉट लावून, एक काडी असताना, मी खेळलोय.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण माझा भाचा आहे. सोळा वर्षांचा आहे आणि त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याच्या वयाची पोरं मोबाईलवर टोळक्याने बसायची आणि हा बाजूला बसून नुसते आवाज ऐकायचा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तो आमच्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए होतंच, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियातल्या एका दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेलं आणि आजही फुकट, त्याच्या जोडीला मी मड लावून दिलं. गेम पूर्ण अक्षरांचा, त्यामुळे डोळस माणसाला जे दिसतं तेच याला ऐकू येतं, जराही कमी नाही. ऑल्टर इऑन नावाच्या गेममध्ये तर दृष्टिहीन खेळाडूंचीच मोठी वस्ती आहे. पहिल्या दिवशी लढाईत ओळी इतक्या धबाधब यायच्या की वाचणारा आवाज मागेच राहायचा, हा मेलेला असायचा आणि आवाज अजून पहिला फटका सांगतोय. मग त्याने कंट्रोल दाबून आवाज तोडायला शिकून घेतलं, नको त्या ओळी गाळायचे ट्रिगर लावले, म्हणजे ठरावीक ओळ आली की क्लायंट ठरवलेलं काम आपोआप करतो, जीव कमी झाला की घंटा वाजेल असं केलं. (ट्रिगर लावून गेम आपोआप चालू ठेवून झोपी जाणं बहुतेक ठिकाणी नियमाविरुद्ध आहे, ते करू नये, हाकलतात.)

नकाशाचं मात्र अडलं. मी स्वतः चौकटीच्या वहीत काढायचो, त्याला ते कसं जमणार. देऊळ, देवळाबाहेर पडलं की बाजारचौक, तिथून चार वाटा, प्रत्येक वाटेवर दुकानं, आणि शहराच्या बाहेर रान. डोक्यात ठेवायला गेला तर तिसऱ्या वळणावर चुकायचा. एक दिवस दुपारी मी जेवायला घरी आलो तर हा खळ्यात बसलेला, आदल्या दिवशी खाल्लेल्या तिसऱ्यांचे शिंपले धुऊन घेतलेले आणि सारवलेल्या जमिनीवर ओळीने मांडलेले. एक शिंपला म्हणजे एक जागा. पालथा शिंपला म्हणजे आत जाता येतं, उताणा म्हणजे बंद दार. दोन जागांच्या मध्ये वाट असेल तर सुंभाचा तुकडा. देवळाच्या जागी नारळाची करवंटी, म्हणजे चुकलं की हाताने चाचपत आधी तिथे यायचं. बोटं फिरवत मला म्हणाला, "मामा, वाट गावली माका. बाजारासून दोन घरां उत्तरेक, मगे खाली." मी बसून एक-एक शिंपला तपासला, सगळं बरोबर होतं. आईने तिथे दोन दिवस झाडू मारला नाही.

त्याच पावसाळ्यात एकदा तो शहराबाहेर लांब गेलेला असताना लाइट गेली, राउटर बंद. मडमध्ये असं झालं की त्याला लिंकडेड म्हणतात, तुम्ही गेलात तरी तुमचं सोंग तिथेच उभं असतं. दीड तासाने लाइट आली तेव्हा हा मेलेला आणि सगळं सामान रानात प्रेतापाशी पडलेलं. पोराचा चेहरा बघवत नव्हता. चॅनलवर त्याने मोडक्या इंग्रजीत लिहिलं, तर फिनलंडचा म्हणून सांगणारा एक जुना खेळाडू आला, याला मागे घेऊन रानात गेला, वाटेतले लांडगे त्याने मारले, सामान मिळवून दिलं आणि वर एक ढाल दिली. त्या माणसाला याला दिसत नाही हे ठाऊक नव्हतं. भाच्याने मला ते दोनदा सांगितलं, "मामा, तेका म्हायतच नाय."

इंग्रजी त्याचं या दोन वर्षांत किती सुधारलं ते त्याच्या शाळेतल्या बाईंनी माझ्या बहिणीला सांगितलं. आधी उताऱ्यातलं वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायचा. आता खोलीचं वर्णन ऐकून त्यात लपलेली किल्ली कुठे असेल ते ओळखतो.

धोका नाही असं मी म्हणत नाही. समोर अनोळखी माणसं असतात, काही गेम फक्त मोठ्यांसाठीच असतात, काहींत खेळाडू खेळाडूलाच मारतात आणि नवख्याला लुटतात. आणि वेळेचं भान जातं हे मी अनुभवाने सांगतो. आमच्याकडे दिवसाला एक तास, तो पण बाहेरच्या खोलीत, दार उघडं. लहान मुलाबरोबर पहिले काही दिवस आईबापाने किंवा काकामामाने स्वतः बसावं.

शेवटचं, आणि यासाठी मला तुमची मदत हवी आहे. हे सगळं इंग्रजीत आहे. गेल्या दिवाळीपासून मी आणि भाचा मिळून मराठीत एक छोटं मड करायला घेतलंय, इव्हेनिया नावाचं पायथनमधलं मोकळं सॉफ्टवेअर आहे त्यावर, देवनागरी त्यात चालते. अकरा जागा झाल्यात, बंदर, होडी, रवळनाथाचं देऊळ, सडा, कातळातली विहीर, काजूची बाग वगैरे. अडकलोय ते भाषेपाशी. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, गेट की, संपलं. मराठीत माणूस लिहिणार "किल्ली घे", आणि पेटी असेल तर "पेटीतून किल्ली घे", विहीर असेल तर "विहिरीत बघ", म्हणजे विहीर ची विहिरी झाली आणि गेम म्हणतो अशी वस्तूच नाही. कोणी "घे किल्ली" लिहिलं तरी समजलं पाहिजे. विभक्ती प्रत्यय तोडून मूळ शब्द ओळखायचा कोड मी तीनदा लिहिला, "होडीत" जमतं, "देवळात" ला अजून फसतो. तुमच्या वाचकांत पायथन येणारं कोणी असेल, किंवा मराठी व्याकरण शिकवणारे शिक्षक असतील, तर त्यांनी तुमच्या कार्यालयामार्फत कळवावं. आणि पुरवणीत या प्रकारावर एक लेख जमला तर जरूर छापा, सुरुवातीच्या कमांड मराठीत समजावून देणारा चौकटीतला मजकूर मी लिहून द्यायला तयार आहे.

माझा पत्ता आणि नंबर वेगळ्या कागदावर जोडलाय, तो छापू नये.

आपला,
एक वाचक, ता. देवगड