अक्षतांनंतरच्या रिकाम्या खुर्च्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्ने लागली की ठाणे आणि नवी मुंबईतल्या कार्यालयांच्या तारखा भरू लागतात. आदल्या संध्याकाळचे सीमांतपूजन आणि दुसऱ्या दिवशीचे लग्न एवढ्यात आटोपणारे कार्य आता मेंदी, हळद, संगीत, लग्न, स्वागत समारंभ आणि सत्यनारायण असे तीन-चार दिवस चालते. मराठी घरांच्या गुजराती, पंजाबी, दाक्षिणात्य कुटुंबांशी सोयरिकी होऊ लागल्याने दोन्हीकडचे विधी यथासांग व्हावेत, ही रास्त इच्छाही त्यामागे असते. यजमानांच्या खर्चावर पुष्कळ लिहिले जाते, पण निमंत्रिताने कसे वागावे याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

लग्नाला बोलावलेला माणूस साक्षीदार म्हणून बोलावलेला असतो, आणि कोणत्या समारंभाला जायचे व किती वेळ थांबायचे हे त्याने याच जाणिवेने ठरवावे, असे मला मनापासून वाटते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे वधूवरांनी अग्नीसमोर सातवे पाऊल टाकले की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. हिंदू विवाह म्हणजे नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा सोहळा नव्हे, तो संस्कार आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली एका प्रकरणात स्पष्ट सांगितले. आपल्या राज्यात विवाह नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्याही उगाच नाहीत.

प्रत्यक्षात काय होते? गेल्या मोसमात ठाण्यातल्या एका कार्यालयात नात्यातल्या मुलीचे लग्न होते. शेवटचे मंगलाष्टक संपून अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि पाच मिनिटांत सगळे सभागृह जेवणाच्या दालनाकडे वळले. लाजाहोम होऊन सप्तपदी सुरू झाली तेव्हा समोर घरची दहा-बारा माणसे, दोन छायाचित्रकार आणि ओळीने रिकाम्या खुर्च्या होत्या. पाटाजवळ तांदळाच्या सात लहान राशी मांडलेल्या होत्या, मुलगी शालूचा घोळ एका हाताने सावरीत उजव्या पायाचा अंगठा एकेका राशीला लावत होती, गुरुजी प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगत होते, आणि बाहेरच्या ताटवाट्यांच्या आवाजात तो पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचत नव्हता. मुलीच्या आईने दोनदा मागे वळून पाहिले.

दुसरा मुद्दा आकड्याचा. एकेका समारंभाचे निमंत्रित वेगळे असतात आणि केटररला ताटांचा आकडा दोन-तीन दिवस आधी द्यावा लागतो, मग तेवढी माणसे येवोत वा न येवोत, पैसे त्या आकड्याचेच भरावे लागतात. असे असताना ‘बघतो, जमलं तर येतो’ हे उत्तर यजमानाला कोड्यात टाकणारे आहे. हळदीला दोघे, लग्नाला चौघे, रिसेप्शनला कोणी नाही, असे समारंभागणिक स्पष्ट कळवणे यात कसलाही उद्धटपणा नाही. न येणाऱ्याचा नकार आठवडाभर आधी कळला तर यजमान त्याला दुवाच देतो. पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ लिहिलेले असले तरी घरी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांनाही बरोबर न्यायचे असेल, तर आधी एक फोन करावा.

हळदीबाबत तर विचारूनच जावे. अनेक घरांत हळद ही फक्त घरच्यांची असते, आणि तिथे ऑफिसातले दहा सहकारी येऊन उभे राहिले की घरच्या बायकांची पंचाईत होते. याउलट नवी मुंबईतल्या घणसोली, दिवाळे, करावे यांसारख्या गावांतल्या आगरी-कोळी घरांत हळदीचा मान लग्नाइतकाच मोठा, तिथे धवलारीण धवले, म्हणजे पारंपरिक लग्नगीते, गाते आणि अख्खे गाव मांडवात असते. अशा घरून हळदीचे बोलावणे आले असेल आणि आपण केवळ रिसेप्शनला पाकीट देऊन परतलो, तर ते त्या माणसांना लागते, आणि लागावे हे योग्यच आहे. शेजारच्या गृहसंकुलात नव्याने राहायला आलेल्यांना हे कोणी सांगत नाही.

मंगलाष्टके चालू असताना मोबाइल उंच धरून मधल्या वाटेत उभे राहू नये. मागे व्हीलचेअरवर बसलेल्या आजींना नातीचे तोंड दिसत नाही. शेवटच्या रांगेतून भिरकावलेल्या अक्षता पुढच्यांच्या पाठीवर पडून पायदळी जातात, त्यापेक्षा त्या मुठीत ठेवून नंतर जवळ जाऊन वधूवरांच्या मस्तकावर वाहाव्यात. ‘आहेर आणू नये’ असे छापलेले असेल तर तो शब्द पाळावा, आग्रहाने पाकीट कोंबू नये.

वरात आणि संगीताच्या वेळी पाहुण्यांची जबाबदारी अधिक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक वाजवता येत नाही, आणि रुग्णालये व शाळांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. दहा वाजले की यजमान डीजे बंद करायला जातो आणि ‘अजून एक गाणं’ म्हणून त्याला अडवतात ते बहुधा पाहुणेच. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, तर निस्तरायला आपण जाणार नसतो.

यजमानांना आणि कार्यालयांच्या व्यवस्थापकांनाही एक विनंती आहे. पत्रिकेत मुहूर्ताच्या वेळेखाली सप्तपदीची अंदाजे वेळही छापावी. वृद्ध, मधुमेही आणि लहान मुलांची पाने आधी वाढावीत, इतरांना कोकम सरबत आणि थोडे खाणे जागेवर द्यावे, आणि मुख्य जेवण सातवे पाऊल पडल्यावर सुरू करावे. कार्यालय ठरावीक वेळेत रिकामे करायचे असते हे खरे, पण त्यासाठी मुहूर्तानंतरची फोटोंची लांबलेली रांग आखडती घेता येईल.

आपला,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)