तुमच्या दोघांच्या वजनाची जागा

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "एवढा धिप्पाड ट्रक कशाला घेतलास? आधीचा काय वाईट होता?" आणि मागून आईचा आवाज आला, "तिला सांगा, मी मागच्या डब्यात आडवी होऊन येईन." चिऊ शाळेतून येण्याच्या गडबडीत दोघांनाही धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आज सावकाश लिहायला बसले आहे.

आधी आईचं. आई, ट्रेलर, म्हणजे ट्रकच्या मागे जोडलेलं आपलं चाकांवरचं घर, रस्त्यावर चालत असताना आत कुणीही बसायचं नाही, झोपायचं तर नाहीच. इथे अमेरिकेत बहुतेक राज्यांत तशी बंदी आहे. आणि बंदी नसती तरी मी तुला बसू दिलं नसतं. आत पट्टे नाहीत, भिंती पातळ आहेत, आणि वळणावर कपाटांची दारंसुद्धा उघडतात. तू आमच्याबरोबर ट्रकमध्येच बसणार, मागच्या सीटवर चिऊच्या शेजारी. पण तुला पाठ टेकायची असेल तेव्हा गाडी बाजूला घेऊन थांबायचं आणि आपल्याच पलंगावर आडवं व्हायचं, हे मात्र कधीही करता येईल. बाबांना दर दीड तासाला उठावं लागतं, ते मला ठाऊक आहे. हॉटेलांचा प्रवास सोडून आम्ही ट्रेलरचा विचार केला तो त्यासाठीच. स्वच्छतागृह आपलं, आपल्या मागेच, कुणाला विचारायला नको.

आता बाबांचं.

आधीचा ट्रक वाईट नव्हता. इथे ज्याला हाफ-टन म्हणतात त्या जातीचा, एफ-१५० किंवा सिल्व्हरॅडो १५०० च्या पंगतीतला. नावातला अर्धा टन आता नावापुरताच उरला आहे. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "पाच टन ओढेल, तुमचा ट्रेलर तर तीनच टनांचा." ते खोटं नव्हतं. पण बाबा, ओढणं वेगळं आणि वाहणं वेगळं. तुम्हाला हे मी सांगायला नको. बैल गाडी ओढतो, पण जोखडाचा भार त्याच्या मानेवर येतो तो निराळाच. ट्रेलरचं तोंड ट्रकच्या मागे बसवलेल्या पोलादी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, टेकलेलं असतं, आणि ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार तिथे दाबतो. त्याला टंग वेट म्हणतात. हा भार ट्रकने ओढायचा नसतो, पाठीवर घ्यायचा असतो. म्हणजे तो माणसं आणि सामान यांच्याच हिशेबात धरायचा.

ट्रक किती वाहू शकतो, तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर एका पट्टीवर छापलेला असतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या वर जाऊ नये, असं स्पष्ट लिहिलेलं. जाहिरातीतला आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या गाडीचा असतो. ही पट्टी मात्र त्याच एका गाडीची, त्यावर बसवलेल्या सगळ्या सरंजामासकट. आमच्या जुन्या ट्रकवर ६७१ किलो होतं. विकत घेताना मी ते वाचलं नाही, याची मला आजही चुटपुट लागते.

तुमची तिकिटं काढली त्या रात्री मी वही घेऊन बसले. भरलेला ट्रेलर ३,००० किलो, त्याचे १३ टक्के म्हणजे ३९०. हिचचं, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या सांगाड्याचं, लोखंड ४०. आम्ही दोघं १५०, चिऊ २७. हौद्यात जनरेटर, खुर्च्या, अवजारं मिळून ६०. बेरीज ६६७. चार किलो शिल्लक. मग त्याखाली तुमचं दोघांचं लिहिलं, १२५. झाले ७९२. मर्यादेपेक्षा १२१ किलो जास्त.

त्या बेरजेकडे मी बराच वेळ बघत बसले. इतके दिवस तो ट्रक आम्हाला पुरत होता, तो फक्त तुम्ही त्यात नव्हता म्हणून. तुम्हाला घेऊन जायचं तर तो लहान. तुमचे जावई म्हणाले, सामान कमी करू, पाण्याची टाकी रिकामी नेऊ. मी म्हटलं, १२१ किलो सामान कमी करायचं तर नेण्यासारखं काही उरतच नाही, आणि डोंगरात काठाकाठाने चालवायचं मला मान्य नाही. मागच्या सीटवर तुम्ही असताना तर नाहीच.

एक सांगते, बाबा, तुम्हाला आवडेल. हे ओढण्याचे आकडे ठरवण्याची इथे एक ठरीव चाचणी आहे, एसएई जे २८०७ नावाची. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळ एक लांबलचक चढ आहे. उन्हाळ्याच्या उष्म्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, त्या चढावर ठरलेला वेग राखता आला पाहिजे. चाचणी कडक आहे. पण त्यात गाडीत माणसं धरतात दोन, प्रत्येकी ६८ किलोंची. आपण पाच जण.

म्हणून आता पाऊण टनी ट्रक घेतला, २५०० च्या वर्गातला. त्याच्या पट्टीवर १,३०० किलो आहे. त्याची मागची पाटे-स्प्रिंग जाड, ॲक्सल भक्कम, ब्रेक मोठे. डिझेल घ्यावं की पेट्रोल यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा झाली. डिझेलचा जोर चढावर निश्चित जास्त, आणि टर्बोमुळे उंचीवर दमही कमी लागतो. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के घटते, म्हणजे ११,००० फुटांवर जवळजवळ एक तृतीयांश गेली. तरी मी पेट्रोलच घेतलं. डिझेलचं इंजिनच इतकं जड की वाहण्याची क्षमता त्यातच बरीच खर्ची पडते, आणि मला नेमकी तीच हवी होती. चढावर आपण उजव्या पट्ट्यातून ताशी सत्तर किलोमीटरने जाऊ. घाई कुणाला आहे?

ट्रेलर ओढताना हा ट्रक लिटरला साडेतीन किलोमीटरच्या वर जात नाही, हेही सांगून ठेवते. त्यात वजनापेक्षा वाऱ्याचा वाटा मोठा. ट्रेलरची समोरची उंच भिंत हवा ढकलत जाते.

आई, आता जे लिहिते ते वाचून घाबरू नकोस. तुला न सांगता ठेवलं तर तू इथे आल्यावर चिऊकडून कळेलच.

पहिल्याच वर्षी, सपाट हायवेवर, हलक्या उतारावर, मी चालवत होते. डावीकडून एक अठराचाकी मालगाडी पुढे गेली. तिच्या वाऱ्याने ट्रेलर आधी ढकलला गेला, मग तिच्याकडे ओढल्यासारखा झाला, आणि मग थांबेचना. आरशात ट्रेलरची डावी बाजू दिसायची, मग उजवी, मग पुन्हा डावी. प्रत्येक झोल आधीपेक्षा मोठा. ट्रकचं मागचं बूड त्याच्याबरोबर हलत होतं. शेजारून "ब्रेक मार" असं ऐकू आलं. माणसाला तेच सुचतं, पण ते करायचं नसतं. ट्रक थांबतो, मागचा ट्रेलर त्याला ढकलतो आणि दोघं मधोमध मोडतात. मी ॲक्सिलरेटरवरून पाय हलकेच काढला, चाक सरळ धरलं, आणि डॅशबोर्डवरच्या छोट्या कळीवर अंगठा दाबला. ती कळ फक्त ट्रेलरचे ब्रेक लावते. ट्रेलर मागून ताणला गेला आणि चार-पाच सेकंदांत सरळ आला.

पुढच्या थांब्यावर उतरले तेव्हा पाय कापत होते. मग कारण शोधलं. तिघांच्या सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर टांगलेल्या, आणि पाण्याची दीडशे लिटरची टाकी भरलेली. आमच्या ट्रेलरची टाकी चाकांच्या मागे आहे. म्हणजे दीडशे किलो मागे, वर सायकली. बाबा, सरळ शब्दांत सांगायचं तर गाडी उलाळ झाली होती. बैलगाडीत मागे जास्त भरलं की जू वर उचललं जातं, तसंच. पुढचा भार हलका झाला की ट्रेलर शेपूट हलवू लागतो. तिथेच टाकीतलं पाणी सोडून दिलं, सायकली ट्रकच्या हौद्यात घातल्या. त्यानंतर परत येईपर्यंत तो एकदाही डुलला नाही.

त्या दिवसानंतर मी प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी वजनकाट्यावर जाते. ट्रकवाल्यांच्या थांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं अशी तीन वजनं वेगवेगळी मिळतात. एकदा ट्रेलरसकट, एकदा ट्रेलर सोडून. मग वजाबाकी केली की ट्रकच्या पाठीवर किती आलं ते कळतं. पुढच्या चाकांवरचा भार फार कमी झाला तर स्टिअरिंग हलकं लागतं आणि दिवे आकाशाकडे बघतात. म्हणून वजन वाटणारी हिच वापरतो. तिच्या दोन पोलादी दांड्या कमानीसारख्या ताणल्या जातात आणि मागचा काही भार पुढच्या चाकांवर परत ढकलतात.

जोडणीचं काम मला फार आवडतं. जॅकचं बटण दाबून ट्रेलरचं तोंड हळूहळू खाली आणायचं, ते बॉलवर बसलं की खटका लावायचा, त्यात पिन घालायची. मग लगेच जॅक उलटा फिरवायचा. ट्रकचं बूड ट्रेलरबरोबर वर उचललं गेलं तरच जोडणी खरी. खटका लागल्यासारखा दिसतो पण बॉल आत नसतो, असं होऊ शकतं, म्हणून ही खात्री मी एकदाही चुकवत नाही. साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या. समजा तोंड निसटलंच तर ते रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. एक बारीक तारही असते. ट्रेलर पूर्ण सुटला तर ती ओढली जाते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतःचे ब्रेक लावतो. शेवटी विजेची सातपिनी जोडणी. मग चिऊ बाजूला उभी राहून ओरडते, "डावा! उजवा! ब्रेक!" तिघांनाही होकार मिळाल्याशिवाय आम्ही निघत नाही.

मागे घेणं शिकायला मला एक पूर्ण पावसाळी रविवार लागला, रिकाम्या पार्किंगमध्ये. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायचा. ज्या बाजूला ट्रेलरची शेपटी जायला हवी त्या बाजूला हात न्यायचा, आणि थोडाच न्यायचा. बाबा, हे काम तुमच्यासाठी राखून ठेवलंय. तळावर पोचल्यावर तुम्ही मागे उभं राहायचं आणि मला दिशा दाखवायची. अट एकच, मला आरशात तुम्ही दिसले पाहिजेत. तुम्ही दिसेनासे झालात की मी गाडी तिथल्या तिथे थांबवणार.

बेत असा आहे. आमच्या डेन्व्हरहून उत्तरेला वायोमिंगमार्गे यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान. तिथे फिशिंग ब्रिजच्या तळावर फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्यांनाच मुक्काम करता येतो, तंबू चालत नाहीत, कारण त्या भागात अस्वलांचा वावर आहे. आई, ट्रेलरच्या पक्क्या भिंतींचा असाही उपयोग आहे.

वायोमिंगमध्ये वाऱ्याची भीती मात्र खरी. तिथे वारा वाढला की हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद केल्याचे फलक लागतात. आपला ट्रेलर त्यातच मोडतो. फलक लागला तर आपण एक दिवस थांबू, पत्ते खेळू. त्यासाठी मी दोन दिवस जास्तीचे धरले आहेत. ट्रेलरच्या टायरांवर वेगळा वेग छापलेला नसेल तर ताशी १०४ किलोमीटरची मर्यादा धरतात, मी ९५ च्या वर जात नाही. टायर थंड असतानाच हवा तपासते, रोज सकाळी.

उताराचं म्हणाल तर आम्ही डेन्व्हरच्या पश्चिमेच्या आयझेनहॉवर बोगद्यातून ट्रेलर घेऊन गेलो आहोत. हा बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, आणि तिथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांपर्यंतचा उतार आहे. कडेला ब्रेक गेलेल्या मालगाड्यांसाठी वाळू-खडीचे चढ बांधून ठेवलेत. तिथे मी माथ्यावरच वेग कमी करते, ओझं ओढताना गिअर खालचे धरून ठेवणारा टो-हॉल मोड लावते आणि खालच्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरून ठेवायला लावते. ब्रेक मधूनमधून ठामपणे दाबायचा आणि सोडायचा, पाय ठेवून घासत न्यायचा नाही. खाली पोचल्यावर चाकांजवळ हात नेला तर ती जेमतेम कोमट होती.

आता माझं काम. १२५ हा आकडा मी तुमच्या मागच्या तपासणीच्या कागदांवरून धरला आहे. दोघांनी पुन्हा एकदा काट्यावर उभं राहून मला कळवा, चपला घालून. आई, कमी करून सांगू नकोस. बॅगांचंही वेगळं लिहा.

आणि बाबा, नव्या ट्रकची पायरी जमिनीपासून १९ इंच आहे, ती मी आज मोजली. दाराशी धरायला मूठ आहे, पण तुमच्या उजव्या गुडघ्याचं मला माहीत नाही. भिंतीला धरून उभे राहा, उजवा पाय उचला, आणि आईला पट्टीने मोजायला सांगा, न दुखता किती इंच येतो ते. नऊ-दहा इंच येत असेल तर मधे ठेवायला एक पायरीचं घडीचं स्टूल पुरेल. त्याहून कमी असेल तर दोन पायऱ्यांचं आणते. डाव्याचंही मोजा. कुठला पाय आधी टाकायचा ते त्यावरून ठरवू.

तुमची,
चिमी