ससा सुटला, पण ड्रम कोण उघडणार?

मा. संपादक,
स. न.

प्राण्यांवरच्या चाचण्या सरसकट बंद करा, असा लेख रविवारच्या पुरवणीत आला होता. तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या खात्यात, तीसेक वर्षं काढली, आता मुलुंडला घरीच असतो. लेखातलं निम्मं पटलं, निम्म्यावर बोलायचंय.

पटलं ते आधी. आमच्याकडे सलाईनच्या बॅचची पायरोजेन टेस्ट (त्यात ताप आणणारं काही आहे का ते बघायची) सशांवर व्हायची. खोक्यातून फक्त मुंडकं बाहेर, मागून थर्मामीटरची वायर आत, कानाच्या शिरेत इंजेक्शन, आणि मग तीन तास दर अर्ध्या तासाला ताप चढतोय का ते बघत बसायचं. एका टेस्टला तीन ससे. त्यातला एक मला ओळखतो असं मला वाटायचं, पोरं हसायची. पुढे हॉर्सशू क्रॅब ह्या खेकड्यासारख्या समुद्री प्राण्याच्या रक्तातून काढलेल्या द्रव्यावर तीच तपासणी छोट्याशा नळीत तासाभरात व्हायला लागली. म्हणजे प्राणी सुटला नाहीच, बदलला, पण आमचे ससे तरी सुटले.

आता न पटलेलं. ह्या टेस्ट कोणी हौसेने काढलेल्या नाहीत हो. 1937 साली अमेरिकेत सल्फाचं (जंतूंवरचं) औषध गोड आणि पातळ करायला एका कंपनीने डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य वापरलं, शंभरावर माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. विकण्याआधी उंदरालाही पाजून बघितलं नव्हतं कारण कायद्यात तसं बंधनच नव्हतं, आणि सरकारने माल जप्त केला तो कशावरून, तर लेबलवर 'एलिक्झिर' (म्हणजे अल्कोहोलमधलं औषध) लिहिलंय आणि आत अल्कोहोल नाही म्हणून! मग विकण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवायचा 1938 चा कायदा आला, 1944 ला सशाच्या डोळ्यात रसायन घालायची ड्रेझ टेस्ट आली. एलडी-50 तर 1927 चीच, अर्धे प्राणी किती डोसला मरतात ते मोजायचं. काढली होती इन्शुलिनसारख्या औषधांची ताकद मोजायला, वापरली गेली वाट्टेल त्या रसायनाला, आणि ओईसीडी ह्या देशांच्या संघटनेच्या मान्य टेस्टच्या यादीतून गेली 2002 ला! एकदा फॉर्मवर रकाना आला की तो भरायला प्राणी लागतातच, असं आमच्या लायनीत चालतं.

पण मुंबईकरांनी 1986 विसरू नये. जे. जे. हॉस्पिटलमधे 14 पेशंट दगावले, त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमधे तेच डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ, दाट, गोड, नुसतं बघून कोणाला कळणार. चौकशीला लेंटिन आयोग बसला, रिपोर्ट आला. पण हे विष आहे हे एकोणपन्नास वर्षं आधीच माहीत होतं ना? तिथे एकही ससा लागला नसता, ड्रम उघडून सॅम्पल काढून साधी केमिकल टेस्ट केली असती तर पुरलं असतं. 2022 ला गांबियात साठाहून जास्त मुलं गेली, आणि आपल्याकडे बनलेल्या कफ सिरपमधे परत तेच सापडल्याचं डब्ल्यूएचओने सांगितलं.

आपल्याकडे कॉस्मेटिक्ससाठी प्राणी वापरायला 2014 पासून बंदी आहे, 2023 पासून नव्या औषधांना पेशी आणि चिपवरच्या (छोट्या चकतीवर पेशी वाढवून केलेल्या) टेस्टही चालतात, ह्याचा मला आनंदच आहे. शाम्पूच्या बाटलीवरचा, प्राण्यांवर टेस्ट केली नाही असं सांगणारा ससा बघून माझी नात खूश होते, होऊ दे. पण आमच्या स्टोअरला सप्लायरचं सर्टिफिकेट जोडलेलं असलं की ड्रमचं झाकण न काढता सही मारणारे मी डोळ्यांनी बघितलेत, आणि त्यांना त्याबद्दल कधी मेमोही मिळाला नाही.

म्हणून राज्याच्या एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) तुमच्यामार्फत एवढंच विचारायचंय: सिरपसाठी येणाऱ्या ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल (औषध विरघळवायचं द्रव्य) ह्यांचे किती ड्रम ह्या वर्षी खरंच तपासले आणि किती नापास झाले, हा आकडा दर महिन्याला पेपरात छापायला काय हरकत आहे?

— एक निवृत्त क्यूसी केमिस्ट, मुलुंड (पूर्व)