छायाचित्रातला ‘एस. पाटील’ अजून ठरलेला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत बेळगावच्या जुन्या हॉकी संघाचं छायाचित्र आलं होतं. मागच्या रांगेतल्या एका खेळाडूखाली नुसतं ‘एस. पाटील’ होतं. मग वाचकांची पत्रं आली, एका कुटुंबाने ‘हे आमचे आजोबा’ म्हटलं आणि आपण ‘अखेर ओळख पटली’ असं छापून मोकळे झालात. माझी हरकत त्या ‘अखेर’ला आहे.

मी पोस्टमन होतो. वडगाव-शहापूरच्या बीटवर आयुष्य गेलं. आमच्या तालुक्यात ‘श्री. पाटील, येळ्ळूर’ एवढ्या पत्त्याचं पत्र आलं तर ते चांगळेश्वरीच्या देवळासमोर मोठ्याने वाचूनच दाखवावं लागेल. त्यात शाळेच्या दाखल्यावर आडनाव एक, कन्नडमधल्या उताऱ्यावर वडिलांचं नाव पुढे, रेशन कार्डावर तिसरंच काही. साधं पत्र चुकलं तर शेजारी आणून देतो. मनीऑर्डर चुकली तर जाब आम्हाला. म्हणून घेणारा ओळखीचा नसेल तर साक्षीदाराची सही घेतल्याशिवाय पैसे हातातून सुटत नसत.

माझी मुलगी अमेरिकेत सिनसिनाटीला असते. उघडपणे पगार देऊन उभा केलेला पहिला बेसबॉल संघ 1869 साली याच गावचा, त्यामुळे जावयाला त्या खेळाचं वेड आणि आता थोडं मलाही. खेळापेक्षा मला रस आहे तो खोट्या नावाने खेळलेल्या माणसांत. त्या काळी पैसे घेऊन चेंडू टाकणं घरंदाज लोकांत कमीपणाचं. जो बॉर्डन हा न्यू जर्सीच्या बड्या घरातला पोरगा. घरी कळू नये म्हणून 1875 मध्ये फिलाडेल्फियाकडून तो ‘जोसेफ्स’ नावाने उतरला. 28 जुलैला त्याने शिकागोच्या एकाही फलंदाजाला हिट, म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप पहिल्या तळापर्यंत पोहोचणं, मिळू दिली नाही. व्यावसायिक बेसबॉलमधला तसा पहिला सामना म्हणून आज त्याची नोंद आहे. पुढच्या वर्षी 22 एप्रिलला नॅशनल लीग या तिथल्या व्यावसायिक स्पर्धेचा पहिलावहिला सामना बोस्टनने जिंकला, तोही याच्याच हातून. पुढे गोलंदाजी ढेपाळली, पण करार शिल्लक होता, म्हणून त्याला मैदानाच्या देखभालीला लावलं! नुसता ‘जोसेफ्स’ शोधणाऱ्याला हा पराक्रम सापडतो, माणूस सापडत नाही.

एडी कॉलिन्स हा दुसरा खेळाडू 1906 मध्ये ‘सलिव्हन’ झाला तो कोलंबिया विद्यापीठाच्या हौशी संघातली जागा टिकावी म्हणून. तो पुढे इतका मोठा झाला की नावाचा गुंता आपोआप सुटला. अडतं ते एकदोन सामने खेळून नाहीसे झालेल्यांपाशी. जुन्या धावफलकांत फक्त आडनाव छापायचे. मग तिथले हौशी अभ्यासक (1971 पासून त्यांची संस्थाच आहे) जनगणनेचे कागद, शहरांच्या नावनिशीवार याद्या, मृत्यूच्या बातम्या धुंडाळतात. आडनाव जुळलं, वय जुळलं, एवढ्याने ते थांबत नाहीत. खोटं नाव आणि खरं नाव एकाच कागदावर, किंवा दोन्ही नावांनी त्याला ओळखणाऱ्या कुणाच्या तोंडी, असा दुवा त्यांना लागतो. म्हणजे आमचा मनीऑर्डरचा साक्षीदारच.

उलटही घडतं. लू प्रॉक्टर नावाचा खेळाडू 1912 साली सेंट लुईसकडून एक सामना खेळला, असं तिथल्या जाडजूड संदर्भग्रंथांत कित्येक दशकं छापलं जात होतं. सामन्याचा धावफलक तारेने पाठवणाऱ्या तारमास्तरने गंमत म्हणून स्वतःचंच नाव फलकात घुसडलं, अशी कथा सांगतात. (तार म्हणजे एके काळी आमचंच भावंड खातं, म्हणून मला ही कथा फार आवडते.) तपासाअंती ती खेळी त्याच संघातल्या पीट कॉम्प्टनची निघाली आणि प्रॉक्टरला 1980 च्या दशकात यादीतून काढावं लागलं. एकदा छापलेलं नाव पुसायला इतका काळ लागला.

आता आपल्याकडे पाहा. हॉकीत बेळगावने 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमधल्या भारताच्या सुवर्णपदक संघाला बंडू पाटील दिले. त्यांच्यासारख्यांची ओळख कुणाला पटवावी लागत नाही. पण गल्लीतल्या संघांत दुसऱ्याच्या नावावर खेळणारी पोरं आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. कुणाचे वडील मागावर बसवायचे आणि मैदानाचं नाव काढू देत नसत, कुणी नोकरीवर आजारपणाची रजा टाकून आलेला, कुणाची नोंदणी आधीच दुसऱ्या संघाकडे. त्या छायाचित्रातला ‘एस. पाटील’ मुळात पाटील होता का, इथूनच सुरुवात करावी लागेल.

ज्या कुटुंबाने दावा केला त्यांच्यावर माझा अविश्वास नाही. आजोबांचा चेहरा त्यांना दिसला असेलच. पण मूळ छायाचित्राची मागची बाजू आपण पाहिलीत का? तिथे स्टुडिओचा शिक्का, तारीख, हाताने लिहिलेली नावं असू शकतात. आजोबांचं त्याच वयातलं दुसरं छायाचित्र घरात आहे का? त्या रांगेतले बाकीचे खेळाडू किंवा त्यांच्या घरचे काय म्हणतात? हे होईपर्यंत ‘असा एका कुटुंबाचा दावा आहे’ एवढंच छापावं, आणि छायाचित्र पुन्हा एकदा, मोठ्या आकारात, द्यावं. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत ते दाखवत फिरायला मी तयार आहे. तिथले उंबरे माझ्या पायाखालचे आहेत.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, वडगाव, बेळगाव