खपली, डिंकेल आणि एक सूप

स्टुटगार्ट,
१२ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, "तिसरीत गेला, मग यंदा पुस्तके कोणती?" आणि मी "आहेत की" असे म्हणून विषय आईच्या गुडघ्याकडे वळवला. ते खरे नव्हते. चिरंजीवांना पाठ्यपुस्तक असे एकही नाही. उभा जन्म गणित शिकवण्यात घालवलेल्या माणसाला हे तोंडी सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून आता सविस्तर लिहीत आहे.

ही शाळा रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंतांच्या पद्धतीची आहे. १९१९ साली याच शहरात वाल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्याचे प्रमुख एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायचे ठरवले आणि तिची आखणी स्टायनर यांच्यावर सोपवली. 'वाल्डॉर्फ शाळा' हे नाव त्यावरून पडले. (विड्यांच्या कारखान्यातून शाळा निघाली, हे वाचून आई हसणार.) नाझी राजवटीत १९३८ साली ती बंद पाडण्यात आली आणि युद्ध संपल्यावर पुन्हा उघडली. आमची शाळा ती नव्हे, पण रीत तीच. रोज सकाळचे सुमारे दोन तास तीन-चार आठवडे एकच विषय चालतो आणि त्या विषयाची वही मुले स्वतः लिहून, रंगवून तयार करतात. तेच त्यांचे पुस्तक. सध्या मोजमापे चालू असल्यामुळे घरातले प्रत्येक टेबल वितीने आणि हाताने मोजून झाले आहे. त्याची वीत आणि माझी वीत जुळत नाही, तेव्हा मीटरची गरज का पडली हे मला त्याच्याकडून ऐकावे लागले.

पण तिसरीचा खरा विषय शेती आहे. सप्टेंबरच्या अखेरीस शाळेमागच्या तुकड्यात मुलांनी नांगरट केली, आणि बैलांच्या जागी मुलेच होती. दोराला दोन्ही बाजूंनी मुले जुंपलेली, मागे नांगरावर बाई, आणि नांगराने मातीत ओढलेला पहिलाच तास इतका वाकडा गेला की तो नागमोडी रस्ता वाटत होता. बाईंनी तो सरळ करून घेतला नाही. फाळ खोल गेला की दोर जड का होतो, एवढेच विचारले. मग ओंजळीत बी घेऊन ते फोकून पेरले. बाबा, फोकून पेरले की निम्मे बी पाखरांचे, हे तुम्ही म्हणणार हे मला ठाऊक आहे. मी तुमच्या वतीने ते त्याला सांगितले. त्याने ते वर्गात सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी दंताळ्याने माती ओढून बी झाकले. आता बोटभर हिरवे अंकुर वर आले आहेत. ते असेच थंडी आणि बर्फ सोसून उभे राहतील आणि कापणी पुढच्या जुलैत होईल.

पेरलेले धान्य म्हणजे डिंकेल, या भागातला जुना गहू. मळणी झाली तरी त्याचा दाणा टरफलातच राहतो, अगदी आपल्या खपली गव्हासारखा. हे कळल्यापासून सांगलीच्या शेतातली खपली कशी सडायची, म्हणजे तिचे टरफल कसे काढायचे, हा प्रश्न मला रोज पडतो आणि उत्तर धड येत नाही.

आई, पेरणीच्या त्याच आठवड्यात मी घरी घट बसवला होता. परडीतल्या मातीत तू करतेस तसे गहू घातले. चिरंजीव चौथ्या दिवशी कोंब पाहून म्हणाले, "हे तर आमचे ईस्टर आहे." मला आधी कळेना. मग आठवले, इथे ईस्टरच्या आधी मुले बशीत गहू पेरतात आणि त्या हिरव्या गवतात रंगवलेली अंडी ठेवतात. ईस्टरला वसंत, घटाला शरद. माती आणि गहू तेच. दसऱ्याला ते कोंब मी त्याच्या कानामागे खोचले आणि तो तसाच शाळेत गेला.

काल संत मार्टिनचा दिवस होता. मार्टिन हा रोमन शिपाई, त्याने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून दिला, अशी कथा आहे. त्या दिवसाच्या कंदिलांसाठी मुलांनी आधी ओल्या कागदावर पिवळा, तांबडा आणि निळा रंग सोडून ते पसरू दिले, वाळल्यावर कागदाला बोळ्याने तेल चोळले. तेल मुरले की कागद पारदर्शक होतो आणि आत मेणबत्ती लावली की रंग उजळतात. घरभर आठवडाभर तेलकट वास होता. अंधार पडल्यावर सगळी मुले कंदील धरून गाणी म्हणत फिरली. आमचा आकाशकंदील अजून गॅलरीत टांगलेला आहे, त्यामुळे शेजाऱ्यांना आम्ही जरा अतिउत्साही वाटतो.

सगळे गोडच आहे असे नाही. वाचनात तो शेजारच्या मुलापेक्षा मागे आहे, आणि रात्री मला त्याची धास्ती वाटते. स्टायनर यांची काही मते, विशेषतः वंशांविषयीची, मला मुळीच पटत नाहीत, आणि पालकसभेत मी ते बोललेही. पण पहिलीत मुलगे-मुली सगळेच लोकरीने विणायला शिकतात, त्या सुयांवर टाके मोजता मोजता त्याची बेरीज-वजाबाकी पक्की झाली. बाबा, तुमची पाढ्यांची परीक्षा तो आता घाबरून देणार नाही, एवढे मी खात्रीने सांगते.

म्हणून एक विनंती. जुलैच्या कापणीला तुम्ही दोघे या. इथे धान्य दांडक्यांनी झोडपतात, मग कोंडा वाऱ्यावर उडवतात, पण सुपाने पाखडणे वर्गात कुणाला येत नाही. आईने ते दाखवावे आणि खळे, त्याच्या मधला खांब म्हणजे तिवडा, त्याभोवती फिरणारी बैलांची पात हे बाबांनी सांगावे; जर्मनमध्ये सांगायचे काम नातू करील. बाईंशी मी बोलले आहे, त्यांची आनंदाने संमती आहे. येताना माजघरात टांगलेले बांबूचे सूप आणा. फक्त ते नव्याने शेणाने सारवू नका, विमानतळावर माझ्याने समजावणे होणार नाही.

तुमची,
लेक