हिरवा उजेड म्हणजे नवा पदार्थ नव्हे

मा. संपादक,
स.न.

आपल्या जिल्हा पुरवणीत गेल्या आठवड्यात महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ‘नवा स्फटिक’ तयार झाल्याची बातमी वाचली. लेझर टाकल्यावर स्फटिकातून हिरवा प्रकाश निघाला, म्हणून तो नवा, आणि म्हणून आता प्रकाशावर चालणारे संगणक येणार, असा एकंदर सूर होता. मुलांच्या चिकाटीचं कौतुकच आहे. अमळनेरात पदार्थविज्ञान शिकवताना मीही हेच उद्योग केले: खिडकीपाशी बीकर, त्यावर सुईने भोकं पाडलेला कागद, आणि कोणी टेबलाला धक्का दिला की आरडाओरडा. पण त्या हिरव्या उजेडाचा अर्थ बातमीत सपशेल चुकला आहे.

डोळ्यांना न दिसणारा 1064 नॅनोमीटरचा लेझर काही स्फटिकांत शिरला की त्यातला थोडा प्रकाश बरोबर निम्म्या तरंगलांबीचा, 532 नॅनोमीटरचा, म्हणजे हिरवा होऊन बाहेर पडतो. ज्यांच्या रचनेला सममिती-केंद्र नाही, असे हे स्फटिक. केंद्र असेल तर त्या बिंदूच्या एका बाजूला जो अणू, तसाच अणू तेवढ्याच अंतरावर बरोबर विरुद्ध दिशेलाही असतो. अशा स्फटिकात विद्युतक्षेत्र उलटवलं तर प्रतिसादही उलटला पाहिजे. मात्र दुप्पट वारंवारतेचा (म्हणजेच निम्म्या तरंगलांबीचा) प्रतिसाद क्षेत्राच्या वर्गावर ठरतो आणि वर्ग केला की उणे चिन्ह उरतच नाही. उलटायलाही हवं आणि तसंच राहायलाही हवं, ही अट फक्त शून्यच पाळू शकतं. म्हणून तिथे अंधार.

1961 साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी माणकाच्या लेझरचा लाल झोत क्वार्ट्झमधून नेऊन हा परिणाम पहिल्यांदा दाखवला. क्वार्ट्झला केंद्र नाही, म्हणून जमलं. छायाचित्रातला तो इवलासा ठिपका डाग समजून छापताना काढून टाकला गेला. त्या शोधनिबंधात आजही बाण दिसतो, ठिपका नाही. (संपादकांनी मनाला लावून घेऊ नये.)

1968 मध्ये कुर्ट्झ आणि पेरी यांनी हीच परीक्षा चूर्णावर घेण्याची पद्धत दिली. मोठा स्फटिक वाढवायची गरज उरली नाही. साध्या क्ष-किरण चित्रात केंद्र आहे की नाही हे सहसा स्पष्ट कळत नाही, तिथे ही परीक्षा फार उपयोगी. आमचंही चूर्ण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जायचं. पण उजेड दिसला तर उत्तर एवढंच मिळतं की केंद्र नाही. पदार्थ कोणता, हे तो सांगत नाही. घरातली साखर या परीक्षेत उत्तीर्ण होते आणि मीठ नापास. साखरेला कोणी नवा शोध म्हणत नाही.

खरी गफलत ग्लायसीनपाशी होते. या साध्या अमिनो आम्लाचे रेणू तेच राहून वेगवेगळ्या रचनांत लागतात, त्यांना रूपं म्हणतात. ते नुसत्या पाण्यातून हळूहळू वाळवलं तर अल्फा रूप मिळतं. त्याला केंद्र आहे, उजेड नाही. पाण्यात पुरेसं मीठ घातलं तर गॅमा रूप येतं, त्याला केंद्र नाही, आणि ते हिरवं चमकतं. मीठ द्रावणातच राहतं, स्फटिकाच्या रचनेत जात नाही. तरीही ‘ग्लायसीन अधिक अमुक क्षार’ असं नाव देऊन नवा पदार्थ जाहीर होतो. प्रत्यक्षात हातात असतं ते 1950च्या दशकापासून माहीत असलेलं गॅमा ग्लायसीन. गोवा विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ बी. आर. श्रीनिवासन यांनी अशा ‘नव्या’ स्फटिकांच्या दाव्यांवर शोधपत्रिकांतून आक्षेप घेतले आहेत. ते वाचून तरी मार्गदर्शकांनी सावध व्हायला हवं होतं.

या तंत्राची ताकद पाहायची तर क्रोमियम ऑक्साइड घ्या, हिरव्या रंगात घालतात ते. सुमारे 34 अंश सेल्सिअसच्या खाली त्यातले अणूंचे चुंबक आळीपाळीने उलटसुलट लागतात. साध्या क्ष-किरणांना ही चुंबकी मांडणी दिसत नाही, पण तिच्यामुळे केंद्र मोडतं आणि दुप्पट वारंवारतेच्या प्रकाशात नवी भर पडते. 1994 साली मान्फ्रेड फीबिग आणि सहकाऱ्यांनी एकमेकांच्या उलट मांडणीचे भाग याच प्रकाशात वेगळे ओळखून दाखवले. (आमच्या खानदेशात एप्रिलच्या दुपारी ही मांडणी उन्हानेच विस्कटेल.)

तेव्हा अशी बातमी पुन्हा आली की आपल्या वार्ताहराने दोनच गोष्टी विचाराव्यात. एका सुट्या स्फटिकावर क्ष-किरणांनी पूर्ण रचना काढली का? आणि बीकरमध्ये घातलेल्या मूळ पदार्थांची सगळी ज्ञात रूपं त्याच लेझरखाली ठेवून पाहिली का? दोन्हींना ‘अजून नाही’ असं उत्तर आलं, तर बातमी थोडी थांबवायला हरकत नाही.

– एक निवृत्त प्राध्यापिका, अमळनेर (जि. जळगाव)